दोन चौकटींमधली कोरी पट्टी

माधवनगरात यंत्रमागांचा खडखडाट इतका सवयीचा, की माग थांबले तरच मान वर व्हायची. त्या आवाजात मी दोन तऱ्हेची चित्रं वाचत मोठा झालो. एक इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, दुसरा पेपरातला चिंटू. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं, पण जुने अंक हातोहात फिरत राहिले. पुढच्याच वर्षी, २१ नोव्हेंबर १९९१ ला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू ‘सकाळ’मध्ये आला.

ली फॉकनं १९३६ मध्ये जन्माला घातलेल्या वेताळाच्या मुखवट्याआड बुबुळंच नाहीत. नुसते पांढरे डोळे. तो चिडलाय की घाबरलाय, कळायला वाव नाही. म्हणूनच तो अमर आहे ही दंतकथा आपण मुकाट्यानं मान्य करतो. भोवती दाट जंगल, कवटीची गुहा, काळ्याभोर सावल्या. चित्रच इतकं भरलेलं, की वाचणारा माधवनगर सोडून थेट वेताळाच्या जंगलात पोचतो.

चिंटूचं उलट. पंडितांची रेषा मोजकी, मागं फारसं काही नाही. समजा, पहिल्या चौकटीत आई सांगते, ‘दुधाकडे बघ रे.’ दुसरीत चिंटू गॅसपाशी टक लावून उभा. एक शब्द नाही. तिसरीत आईचा हात कपाळाला आणि चिंटू म्हणतो, ‘बघितलं की, सगळं गेलं!’ यात दूध उतू जाताना कुठंच काढलेलं नाही. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीमधल्या कोऱ्या पट्टीत जातं, आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या ओट्यावर जातं. माझ्या डोळ्यांसमोर आमच्याच घरची पातेली यायची. दुसऱ्या चौकटीत चिंटूच्या तोंडी एखादं वाक्य घाला, विनोद तिथंच मेला. ती गप्प चौकट म्हणजे खरी करामत, असं मी आजही मानतो.

चित्रांमधली ही मोकळी जागा चित्रकथीत वेगळ्या तऱ्हेनं भरते. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चित्रकथी सादर करतात, म्हणजे एकेक चित्र दाखवत, गात गोष्ट सांगतात. तिथं एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर गाणाऱ्याचा आवाज भरून काढतो. चित्र कधी उलटायचं हे त्याच्या हाती, प्रसंग रंगला तर तो लांबवतो. पेपरातल्या चित्रपट्टीला गाणारा नाही. किती थांबायचं, हे चित्रकारानं चौकटी पाडतानाच ठरवलेलं असतं.

घरात नुकतं वाचायला लागलेलं पोर असेल तर चिंटूचं एखादं पुस्तक उघडा. शेवटची चौकट हातानं झाका आणि विचारा, ‘आता काय होईल?’ उत्तराची घाई करू नका.