चित्राचे पैसे दिले, पण हक्क कोणाचा?

कवितासंग्रहाची मुद्रिते तपासून झाली, प्रस्तावनाही आली. राहिले फक्त मुखपृष्ठ. मग घरातले कोणीतरी संगणकापुढे बसते, छायाचित्रे विकणाऱ्या संकेतस्थळावरून पावसात भिजलेल्या खिडकीचे सुरेख चित्र विकत घेते आणि ते छापखान्यात पाठवते. पैसे मोजले, पावती मिळाली, म्हणजे चित्र आपले झाले, अशीच सगळ्यांची समजूत असते.

ही समजूत चुकीची आहे. अशा व्यवहारात चित्राची मालकी मिळत नाही, मिळतो तो वापराचा परवाना. भाडेकरूला घरात राहता येते, पण भिंत पाडता येत नाही, तसाच हा प्रकार!

परवान्यात काय असते?

शटरस्टॉक, अडोबी स्टॉक यांसारख्या कंपन्यांच्या साध्या परवान्यात पुस्तकाचे किंवा गाण्यांच्या अल्बमचे मुखपृष्ठ करता येते. छापील प्रतींची मर्यादा ५ लाख असते. हजार प्रतींच्या कवितासंग्रहाला ती कधीच आड येत नाही. आड येतात त्या दुसऱ्या अटी. तेच चित्र कपांवर किंवा टी-शर्टवर छापून विकायचे असेल, तर वाढीव परवाना घ्यावा लागतो. ‘केवळ संपादकीय वापरासाठी’ असा शेरा असलेले चित्र मुखपृष्ठावर चालत नाही. शिवाय तेच चित्र उद्या दुसऱ्या कोणाच्या पुस्तकावर दिसले, तर तक्रार करता येत नाही. कारण ते त्यालाही विकलेले असते.

‘मोफत’ चित्रांच्या अटीही वाचायला हव्यात. काही चित्रांना व्यापारी वापराची मनाई असते आणि विक्रीचे पुस्तक हा व्यापारच ठरतो.

चेहऱ्याचीही परवानगी

चित्रात माणूस ओळखू येत असेल, तर छायाचित्रकाराबरोबर त्या माणसाचीही लेखी संमती लागते. अमेरिकेतील ‘व्हँपायर वीकेंड’ या वाद्यवृंदाचा ‘कॉन्ट्रा’ हा अल्बम २०१० साली आला. मुखपृष्ठावर एका तरुणीचे जुने छायाचित्र होते. ते वापरण्याचा परवाना वाद्यवृंदाने पैसे देऊन घेतला होता. तरीही त्याच वर्षी ती स्त्री न्यायालयात गेली. संमतीपत्रावरची सही आपली नाही, असे तिचे म्हणणे होते. २०११ साली हे प्रकरण तडजोडीने मिटले.

आपला कायदा काय सांगतो?

ओळखीच्या चित्रकाराचे तयार चित्र विकत घेतले, तरी भिंतीवर लावायचा कॅनव्हास तेवढा आपला होतो. छापण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या चित्राची गोष्ट वेगळी. दुसरा करार नसेल, तर त्याचा हक्क काढून घेणाऱ्याचा असतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार परवाना लेखी हवा. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती ५ वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर परवाना भारतापुरताच मानला जातो. म्हणजे सहाव्या वर्षी दुसरी आवृत्ती काढायची किंवा अमेरिकेतल्या मराठी वाचकांना पुस्तक विकायचे, तर जुनी चिठ्ठी पुरत नाही. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

जुनी चित्रे तरी मोकळी असतात का? चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क टिकतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवरचा हक्क केव्हाच संपला. दीनानाथ दलाल मात्र १९७१ साली गेले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे.

म्हणून पुस्तक छापायला देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: परवाना कोणाच्या नावावर आहे? किती प्रतींचा? किती काळाचा? कोणकोणत्या देशांसाठी? उत्तरे लेखी घ्यावीत आणि पावतीसह हस्तलिखिताच्याच फायलीत जपून ठेवावीत. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी पहिली गरज त्याच कागदांची पडते.