माउली मुक्कामाला येतात तेव्हा

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते आणि अष्टमीला ज्ञानेश्वर महाराजांची आळंदीहून. बहुधा नवमीच्या संध्याकाळी दोन्ही पालख्या पुण्यात पोचतात. एक नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते, दुसरी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात. मुक्काम दोन रात्रींचा. पालख्यांसोबत चालणारे लाखो वारकरी मात्र शहरभर विखुरतात. महापालिकेच्या शाळा, मंगल कार्यालयं, मंडळांचे मांडव आणि घरं. एकच दिंडी पिढ्यान्पिढ्या एकाच घरी उतरते, अशी घरं पुण्यात आहेत. वाडा पडून तिथं इमारत उभी राहिली तरी दिंडी येत राहते. ओसरीऐवजी आता पार्किंगमध्ये आणि गच्चीवर अंथरुणं पडतात.

वारी मुळात अशा आतिथ्यावरच उभी आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखी सोहळा सुरू केला. ज्ञानेश्वर महाराजांच्या सोहळ्याला आजचं शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिलं. घोडे आणि तंबू दिले अंकलीच्या शितोळे सरकारांनी, आणि ती सेवा त्यांच्या घराण्याकडून आजही चालू आहे. खुद्द माउलींच्या पादुकासुद्धा वाटेत कुणाच्या तरी तंबूत विसावतात, तिथं आपल्या घराचं दार उघडणं ही फार मोठी गोष्ट वाटू नये.

तरीही पहिल्यांदा दिंडी उतरवणाऱ्या घराची धांदल होते, कारण सगळं लक्ष स्वयंपाकाकडे जातं. जेवणाची चिंता खरं तर सर्वांत कमी. बऱ्याच दिंड्यांसोबत स्वतःचा ट्रक, शिधा आणि आचारी असतो. जेवण आपण देणार असू तर साधंच असावं. तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर यवतचे गावकरी पिठलं-भाकरी वाढतात, आणि त्या पंगतीचं नाव वारीभर घेतलं जातं. पक्वान्नांनी जड झालेलं पोट दुसऱ्या दिवशी चालताना नडतं. मात्र एक ध्यानात ठेवावं, पुण्याहून निघायचा दिवस बहुतेक वेळा एकादशीचा असतो. त्या दिवशी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबरच्यांना दिवे घाट चढून सासवड गाठायचं असतं. त्यांच्या पिशवीत शेंगदाण्याचे नाहीतर राजगिऱ्याचे लाडू घालून द्यावेत.

खरी तयारी पायांपासून सुरू होते. आल्याआल्या पाय धुवायला कोमट पाणी, मग तेल. मधुमेह असलेल्या वयस्कर माणसांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. पाणी किती कढत आहे ते त्यांना कळत नाही, म्हणून आधी आपला हात घालून पाहावा. फोड न फुटलेला असेल तर सुईनं फोडू नये. फुटला असेल तर स्वच्छ धुऊन, कोरडा करून पट्टी बांधावी. दिंडीतल्या कितीतरी जणांना रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या असतात, तेव्हा पिण्याच्या पाण्याचा पिंप रात्रीही भरलेला आणि सापडेल अशा जागी असावा.

पुढचा प्रश्न न्हाणीघराचा, आणि माझ्या मते पाहुणचाराची कसोटी इथंच लागते. वारकऱ्यांची पहाट फार लवकर होते. काकड्याच्या आधी अंघोळी उरकायच्या, म्हणजे तीन-साडेतीनलाच रांग लागते. गॅसचा गिझर असेल तर खिडकी उघडीच राहिली पाहिजे. बंद न्हाणीघरात एकामागून एक अंघोळी होत राहिल्या तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्या वायूला वास नसतो. त्यापेक्षा गच्चीवर चुलवण पेटवून बादल्या भरून देणं सुरक्षित. कमोडची सवय नसलेल्या आजोबांना तो कसा वापरायचा, फ्लश कुठं दाबायचा, हे घरातल्या पुरुषानं संध्याकाळीच दाखवून ठेवावं. बायकांसाठी कडी लागणारी वेगळी सोय हवीच. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन दिवसभर चाललेल्या बाईला आडोसा कुठं आहे हे कुणाला विचारावं लागू नये.

न विचारता मिळणं, याच्याइतकं माणसाला मोकळं करणारं दुसरं काही नाही. गावाकडचं माणूस शहरातल्या घरात संकोचतं. पंखा लावू का, हेही विचारत नाही. म्हणून पंखा आधीच लावलेला असावा, कपडे वाळत घालायला दोऱ्या बांधलेल्या असाव्यात आणि मोबाइल चार्ज करायला जिन्यात लांब वायरचा बोर्ड सोडलेला असावा. पाऊस असेल तर ओले कपडे इमारतीतल्या चार घरांच्या वॉशिंग मशिनमधून पिळून मिळावेत. सतरंजी, चादर आणि उशाला काहीतरी, एवढं अंथरूण पुरतं. वीणा, पखवाज आणि पताकांसाठी मात्र स्वच्छ, कुणाचा पाय लागणार नाही अशी जागा लागते. ती कोणती, हे वीणेकऱ्यांनाच विचारावं.

घरातल्या मुलांना या दोन दिवसांत मोकळं सोडावं. अनोळखी माणूस लहान मुलाला ‘माउली’ म्हणतो आणि त्याच्याही पाया पडतो, हे मुलांनी प्रत्यक्ष पाहायला हवं. संध्याकाळच्या हरिपाठाला घरच्यांनी दिंडीबरोबर बसावं. यजमान आत टीव्ही बघतोय आणि पाहुणे पार्किंगमध्ये टाळ वाजवताहेत, हे बरं दिसत नाही. बसलं की ओळखी होतात. कुणाचं शेत कुठं, पेरणी झाली की राहिली, मुलगी कुठं दिली, सगळं कळतं. मग पुढच्या वर्षी दिंडी आली की आधी त्या मुलीची खुशाली विचारली जाते.

निरोपाच्या वेळी पाकीट देण्याची घाई करू नये. रेनकोट, चपलेचा नवा जोड, वेदनाशामक मलम अशा वस्तू जास्त उपयोगी पडतात. मोठी देणगी द्यायचीच असेल तर ती दिंडीप्रमुखांकडे द्यावी.

पुढचा ज्येष्ठ यायला अजून सात-आठ महिने आहेत, पण आळंदीची कार्तिकी यात्रा दिवाळीनंतर महिन्याच्या आतच भरते. गावोगावच्या दिंड्या तेव्हाही पुण्याच्या आसपास रात्रीपुरता निवारा शोधत असतात. तुमच्या सोसायटीची गच्ची किंवा सभागृह रिकामं असेल, तर समितीच्या येत्या बैठकीत हा विषय काढा आणि दिंडीप्रमुखांशी आत्ताच बोलून ठेवा.