खाड्यानंतरचा दिवस

लोणावळ्यात एकदा पाऊस लागला की पहाटे फिरायला जाणाऱ्यांची परीक्षा सुरू होते. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणारं हे गाव. भिजलेले बूट दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाहीत, धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही, रस्त्याच्या कडा शेवाळाने निसरड्या होतात. पहिल्या दिवशी खाडा पडतो, दुसऱ्या दिवशीही पडतो. आठवडाभराने उघडीप मिळते. रस्ता मोकळा असतो, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, आणि तरीही माणूस पांघरुणातून बाहेर येत नाही. पुढे विचारलं की तो सांगतो, पावसामुळे फिरणं सुटलं. खरं तर ते उघडिपीच्या त्या पहिल्या सकाळी सुटलेलं असतं.

खाडा हा शब्द आपल्या घरात दुधाच्या हिशेबातून आला. महिन्यात चार खाडे पडले म्हणून कुणी रतीब बंद करत नाही. कॅलेंडरवर खूण करायची, तेवढे पैसे वजा करायचे, पाचव्या दिवशी पातेलं पुन्हा दाराशी. व्यायामाच्या बाबतीत मात्र आपण एका खाड्यावरून स्वतःला नापास करतो. ‘माझ्याच्याने होत नाही’ हा निकाल किती घाईचा असतो, हे सवयींवरच्या संशोधनाने बऱ्यापैकी स्पष्ट केलं आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. 96 जणांना त्यांनी रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून एक नवी गोष्ट करायला सांगितली. कुणी नाश्त्याबरोबर फळ खायचं ठरवलं, कुणी जेवणाआधी थोडं पळायचं. ही गोष्ट आपसूक होऊ लागायला किती दिवस लागतात, हे त्यांनी 12 आठवडे तपासलं. 21 दिवसांत सवय लागते असं जे सर्रास सांगितलं जातं, त्याला इथे आधार मिळाला नाही. मधला आकडा निघाला 66 दिवस, आणि माणसामाणसांतला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टीपेक्षा व्यायामाची सवय लागायला सुमारे दीडपट वेळ लागला. मधे एखादा दिवस चुकला तरी सवय घडण्याच्या वेगावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही, हा या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा निष्कर्ष.

आता हा आकडा मावळच्या कॅलेंडरवर ठेवून पाहा. आपले संकल्प बहुधा गुढीपाडव्याचे. पाडव्यापासून 66 दिवस मोजले तर आपण मे संपता संपता किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. व्यायामाला त्याहून जास्त दिवस लागतात. म्हणजे सवय अंगात मुरायच्या आतच घाटावर पाऊस येतो. शिवाय सवय चिकटते ती खुणेला: ती वेळ, तो रस्ता, कोपऱ्यावरचा तो चहावाला, दाराशी काढून ठेवलेले बूट. एखादं काम वारंवार एकाच क्रमाने केलं की मेंदूच्या आत खोलवर असलेले बेसल गँग्लिया हे भाग त्याची एक गाठ बांधून ठेवतात आणि मग खूण दिसताच ते काम फारसा विचार न करता सुरू होतं. पाऊस ही खूणच पुसून टाकतो. त्यामुळे पावसाळ्यात जो निरुत्साह येतो, त्याला मी आळस म्हणणार नाही. उन्हाळ्यात जोडलेल्या सवयीला पावसाळ्यासाठी वेगळी खूण, वेगळी जागा लागते, आणि ती मे महिन्यातच ठरवून ठेवावी लागते.

अशी जागा लोणावळ्यातच शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने दाखवून दिली आहे. जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी 1924 च्या दसऱ्याला इथे कैवल्यधाम सुरू केलं. 1883 साली डभोईला जन्मलेला हा माणूस आधी तालमीच्या वाटेने गेलेला. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी शरीर कमावलं, अमळनेरला शिक्षणाचं काम केलं, आणि नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकले. पण शिकलेलं जसंच्या तसं पुढे सांगून त्यांचं समाधान होईना. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत दाब किती बदलतो हे त्यांनी दाबमापक लावून मोजलं, क्ष-किरण चित्रं घेतली, आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून ती निरीक्षणं जगापुढे ठेवली. योगावरच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनाची ही अगदी सुरुवातीची पानं.

या कामाचं कौतुक होतं ते प्रयोगांसाठी, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यांच्या आसनांवरच्या पुस्तकातला शेवटाकडचा भाग अधिक मोठा वाटतो. तिथे त्यांनी सराव करणाऱ्यांसाठी एक पूर्ण अभ्यासक्रम दिला आहे, त्याच्याशेजारी एक छोटा दिला आहे, आणि त्याच्याही पुढे एक सोपा दिला आहे. तालमीत वाढलेल्या, शिस्तीच्या या माणसाने सोप्या क्रमाला पुस्तकात मानाची जागा द्यावी, यात फार मोठी समज आहे. अंगात त्राण नाही, वेळ नाही, मन नाही, अशा दिवशीही करता येईल असं काहीतरी माणसाच्या हाताशी हवं. योगाभ्यास संपल्यावर माणूस दमलेला दिसता कामा नये, तो ताजा होऊन उठला पाहिजे, हाही त्यांचा आग्रह. आणि हे सगळं एका सतरंजीवर, चार भिंतींच्या आत. घाटावरच्या जुलैला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

ताजेपणाच्या त्या आग्रहाला आज शरीरशास्त्राचा भक्कम पाठिंबा आहे. संशोधक एकेकाकिस यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठात असताना व्यायाम करताना माणसाला कसं वाटतं, हे वर्षानुवर्षं तपासलं. श्रम वाढत जातात तसा एक उंबरठा येतो. त्यापलीकडे श्वास एकदम जोरात चालू लागतो, रक्तात लॅक्टेट साठायला लागतं, आणि जवळजवळ प्रत्येकाला वाईट वाटू लागतं. उंबरठ्याच्या अलीकडे बहुतेकांना बरं वाटतं. व्यायाम करताना आज कसं वाटलं, यावर माणूस पुढचे महिने तो चालू ठेवेल की नाही हे बऱ्याच अंशी ठरतं.

हा उंबरठा ओळखायला यंत्र लागत नाही. लोहगडाच्या पायऱ्यांवर तो कुणालाही सापडेल. गणेश दरवाजापर्यंत सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येत असेल, तर तुम्ही अलीकडे आहात. दोन शब्दांनी वाक्य तुटायला लागलं की उंबरठा आला. तिथे वेग कमी करावा, कठड्याला टेकून पवनेचं पाणी पाहावं, आणि मग पुढे निघावं. ‘घाम फुटल्याशिवाय व्यायाम कसला’ म्हणत पहिल्याच रविवारी धापा टाकत वर पोहोचणारा दुसऱ्या रविवारी येत नाही, ते याच कारणाने. आणखी एक गंमत अशी की व्यायाम आपल्याला जितका आवडणार असतो, तितका तो आवडेल असं सुरू करण्याआधी वाटत नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे मोजलं गेलं. आपली नजर पहिल्या काही मिनिटांच्या त्रासावर खिळलेली असते आणि पुढचा आनंद हिशेबात धरलाच जात नाही. पायथ्याशी उभं राहून गड नेहमीच उंच दिसतो.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हार्वर्डचे मानवशास्त्रज्ञ डॅनियल लिबरमन सांगतात की माणूस चालण्या-वाहण्यासाठी घडला, पण विनाकारण श्रम करण्यासाठी घडला नाही. अन्न दुर्मीळ होतं तेव्हा शक्ती वाचवून ठेवणं शहाणपणाचंच होतं. पवन मावळात, नाणे मावळात किंवा आंदर मावळात भातलावणीला दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या बाईला कुणी प्रेरणा विचारत नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ आपल्या ताटात येतो तो तिच्या कमरेच्या जोरावर. श्रम पोटाशी बांधलेले होते तोवर व्यायाम वेगळा करावा लागत नव्हता. ती गाठ सुटली, आणि परिणाम आकड्यांत दिसतो: ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने 2024 मध्ये दिलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ आवश्यक तेवढी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण सुमारे 42 टक्के, स्त्रियांत 57 टक्के. स्त्रियांना स्वतःसाठी अर्धा तास मिळत नाही हे या फरकामागचं मोठं कारण आहे असं मला ठामपणे वाटतं, आणि त्याचं उत्तर घरातल्या बाकीच्यांनी द्यायचं आहे.

मग प्रेरणा आणायची कुठून? उपदेशातून ती येत नाही, एवढं नक्की. ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवर केलेला 2002 मधला एक प्रयोग आहे. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही. दुसऱ्याला हृदयविकाराचे धोके आणि व्यायामाचे फायदे वाचायला दिले. तिसऱ्याला तेच वाचायला देऊन शिवाय एक ओळ लिहायला लावली: कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार. पुढच्या आठवड्यात व्यायाम केलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात 38 टक्के, दुसऱ्यात 35 टक्के आणि तिसऱ्यात 91 टक्के. माहितीने एकही माणूस जास्त उठवला नाही, एका ओळीने अर्ध्याहून अधिक उठवले.

मात्र ती ओळ दगडावरची रेघ करू नये. गूगलच्या अडीच हजार कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात काहींना ठरलेल्या वेळीच व्यायामाला आल्यास पैसे मिळत, काहींना कधीही आले तरी मिळत. पैसे थांबल्यावर दुसऱ्या गटातले लोक जास्त येत राहिले. पहिल्या गटाला एक वेळ चुकली की तो दिवसच गेला असं वाटायची सवय लागली होती. पहाटेची पुण्याची लोकल पकडणाऱ्या लोणावळेकराने हे लक्षात ठेवावं. सकाळ हुकली तर संध्याकाळी स्टेशनवरून घरी चालत यावं, तोही व्यायामच.

2021 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग तर प्रचंड होता: 61 हजारांहून अधिक जिम सदस्य, व्यायामाला आणण्याच्या 54 निरनिराळ्या युक्त्या. त्यांत पहिली आली ती युक्ती कोणती? खाडा पडल्यानंतर परत येणाऱ्याला अगदी क्षुल्लक, काही सेंटचं जादा बक्षीस. तेवढ्यावर जिमच्या फेऱ्या सुमारे 27 टक्क्यांनी वाढल्या. पण प्रयोगाचे चार आठवडे संपून बक्षिसं थांबल्यावर बहुतेक युक्त्यांचा प्रभाव ओसरला, हेही त्याच प्रयोगाने दाखवलं.

जे ओसरत नाही ते माणसांचं आहे, असं मी मावळात पाहत आलो आहे. तालमीत वस्ताद हजेरी घेतो, जोडीदार नाव घेऊन हाक मारतो, म्हणून पोरगं जोर-बैठका मारायला उठतं. एरवी भाजी आणायला गाडी काढणारा माणूस आषाढात दिंडीत दिवसाला 20 किलोमीटर चालतो, कारण शेजारचा चालतो आहे आणि टाळाचा ठेका पायांना पुढे नेतो आहे. रविवारी सकाळी मळवली स्टेशनवर उतरून भाज्याकडे आणि लोहगडाकडे निघणारी टोळकी पाहा. त्यांतल्या कित्येकांना एकट्याने जिना चढायचाही कंटाळा असेल. कुवलयानंदांनी शाळकरी मुलांसाठी एका तालावर, सगळ्यांनी मिळून करायचा यौगिक संघ व्यायाम बसवला, त्यामागेही सोबतीची हीच ताकद होती.

आता पुन्हा त्या उघडिपीच्या सकाळकडे येऊ. आठ दिवसांचा खाडा पडला आहे. त्या सकाळी मागचं भरून काढायला जाऊ नका. पाच किलोमीटरऐवजी कोपऱ्यापर्यंत जाऊन या, किंवा सतरंजी अंथरून दहा मिनिटं तो सोपा क्रम करा, आणि शेजाऱ्याला हाक मारा. शरीर गमावलेलं परत देतं, अगदी फार मोठ्या खंडानंतरही. 1966 मध्ये अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावलं, तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घसरली होती. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. आता पन्नाशी आली होती, सरासरी वजन 77 किलोवरून 100 किलोवर गेलं होतं. त्यांना हळूहळू वाढवत नेलेलं चालणं, सावकाश पळणं आणि सायकल असा सहा महिन्यांचा व्यायाम दिला. तीस वर्षांच्या वयाने घटवलेली त्यांची क्षमता त्या सहा महिन्यांत पूर्ण भरून आली.