मालवणच्या मातीत कोणते झाड लावावे?

चातुर्मासाच्या आरंभी पाऊस स्थिरावला की सिंधुदुर्गात वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू होतात. कुणी तपाच्या पारण्यानिमित्त रोपे वाटतो, कुणी वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ शाळेच्या आवारात झाड लावतो. भावना निर्मळ असते. रोपाची निवड मात्र रोपवाटिकेत त्या दिवशी जे उपलब्ध असेल त्यावर सोपविली जाते. दुकानातला माल पारखून घेणाऱ्या आपल्या कुटुंबांनी येथेही थोडी पारख करावी, असे सुचवावेसे वाटते.

या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही मे महिन्यात कित्येक वाड्यांतील विहिरी तळ गाठतात. जांभ्याच्या सच्छिद्र खडकातून आणि तीव्र उतारावरून पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते. त्याला अडविते ते डोंगरउतारावरचे रान. मालवण शहराला पाणी पुरविणारा धामापूरचा तलाव १५३० साली बांधला गेला. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. भगवतीच्या मंदिरालगतच्या या तलावाभोवती आजही दाट झाडी आहे. शहर हिरवे करण्याचा विचार करताना शहराच्या हद्दीबाहेरच्या अशा रानांची काळजी आधी घ्यायला हवी.

राज्य शासनाने २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प केला होता; एकट्या २०१९ सालचे उद्दिष्ट ३३ कोटींचे होते. त्यातील किती झाडे जगली, यावर पुढे विधिमंडळातही वाद झाला. वनस्पतीतही जीव आहे, हे आपल्याला बालपणापासून शिकविले जाते. समारंभाने लावलेले रोप पहिल्याच उन्हाळ्यात पाण्यावाचून वाळले, तर त्या कार्यक्रमाला पुण्यकर्म म्हणणे अवघड आहे.

कोकणात रस्त्याच्या कडेने आणि ओसाड माळांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ मोठ्या प्रमाणावर लावली गेली. ती झपाट्याने वाढते, गुरे तिला तोंड लावीत नाहीत, म्हणून ती सोयीची वाटली. परंतु तिच्या फांद्या वादळात सहज मोडतात. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्यालगतून गेले, तेव्हा उन्मळलेल्या झाडांनी रस्ते अडले, विजेचे खांब कोसळले आणि आंब्या-नारळाच्या बागांची अपार हानी झाली. समुद्रकाठचा सुरू वाऱ्याला आडोसा देतो हे खरे; मात्र त्याच्या सुईसारख्या पानांच्या थराखाली दुसरे काही सहसा उगवत नाही. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालण्यास येतात. तेथे अगदी वाळूपर्यंत सुरूची रांग आणणे उचित नव्हे.

याच भूमीत वाढलेली झाडे पाहा. उंडी खारा वारा निमूट सोसते. तिच्या बियांच्या कडू तेलावर पूर्वी घरोघरी दिवे जळत आणि तिचे लाकूड होड्यांसाठी वापरीत. सुरंगीच्या खोडाफांद्यांवर उन्हाळ्याच्या तोंडाशी कळ्या दाटतात. वेंगुर्ले तालुक्यात तिच्या गजऱ्यांचा आणि सुकविलेल्या फुलांचा स्वतंत्र व्यापार आहे. घराच्या परसात जागा असेल तर माझी पहिली पसंती कोकमाला. ते इतर झाडांच्या सावलीतही वाढते, बारमाही हिरवे राहते आणि त्याची आगळ व आमसुले बाजारात पडून राहत नाहीत. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात असू द्यावी: बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी झाडे नर निघतात आणि हे कळायला सात-आठ वर्षे जातात. म्हणून फळासाठी मादी झाडाचे कलमच घ्यावे. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने निवडलेली ‘कोकण अमृता’ ही जात प्रसिद्ध आहे.

खाडीकाठी आपण काही लावण्याची गरज क्वचितच पडते. तेथे जे आहे ते तोडू न देणे पुरेसे. कांदळवन गाळ धरून ठेवते, लाटांचा जोर मोडते आणि मासळीच्या पिलांना आसरा देते. पांढरी चिपी या कांदळ वृक्षाला २०२० साली महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष घोषित केले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या स्त्रिया पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवितात. उभ्या झाडांवर चालणारा हा धंदा आपल्या व्यापारी मनाला विशेष भावावा. तसेच कातळसड्यांवर उत्साहाने खड्डे खणू नयेत. उन्हाळ्यात उजाड दिसणारा सडा पावसाळ्यात इवल्या फुलांनी भरतो आणि ती फुले दाट सावलीत जगत नाहीत.

बाजारपेठेचा प्रश्न वेगळा आहे. मालवणच्या अरुंद गल्लीत वडाला जागा नाही. दुकानापुढे बकुळ चांगली, कारण ती सावकाश वाढते आणि गर्द सावली देते. पुरुषभर उंचीचे रोप जूनअखेर लावावे, गुरांपासून जपण्यास कुंपण घालावे आणि पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्याचे नाव लागवडीच्या दिवशीच ठरवावे. दुकानापुढे फरशी बसविताना गवंडी बुंध्यापर्यंत सिमेंट नेतो. चारही बाजूंनी निदान दोन हात माती उघडी ठेवण्याची अट त्याला काम देतानाच घालावी.