नद्यांतील गुप्त लढाई : कॅप्टन मोहन सामंत, महावीरचक्र

१९७१ च्या युद्धाचे नाव निघताच डाक्का येथील शरणागतीचे दृश्य डोळ्यांसमोर येते. परंतु डिसेंबरपूर्वी कितीतरी महिने पूर्व बंगालच्या नद्यांतून एक वेगळेच युद्ध सुरू झाले होते आणि त्याची सूत्रे नौदलाचे एक मराठी अधिकारी, कमांडर मोहन नारायणराव सामंत, यांच्याकडे होती.

सामंत हे मूळचे पाणबुडीदलाचे. १९६९ मध्ये नौदलात दाखल झालेल्या 'करंज' या पाणबुडीचे ते पहिले कप्तान. १९७१ च्या मार्चअखेर फ्रान्समधील तुलाँ बंदरात असलेल्या 'मँग्रो' या पाकिस्तानी पाणबुडीवरील आठ बंगाली नौसैनिक निसटले व माद्रिदमार्गे भारतात पोहोचले. त्यांच्याभोवती जलकमांडोंचे पथक उभारण्याचे ठरले. भागीरथीकाठी, प्लासीच्या इतिहासप्रसिद्ध परिसरात, गुप्त तळ उघडण्यात आला.

येथे आलेले तरुण सैनिक नव्हते; बहुतेक विद्यार्थी आणि शेतकऱ्यांची मुले होती. वैनगंगेच्या पुरात डोंगा हाकणाऱ्याला प्रवाहाची ताकद सांगावी लागत नाही, तसेच हे तरुण. पाणी त्यांच्या अंगवळणी होते. शिकायचे होते ते छातीला गमछाने सुरुंग बांधून काळोखात निःशब्द पोहणे, जहाजाच्या तळाशी तो चिकटविणे आणि स्फोटापूर्वी दूर निघून जाणे. चारशेहून अधिक तरुण येथे तयार झाले. निघण्याचा संकेत पत्राने अथवा तारेने नव्हे, तर आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरील दोन ठरावीक गाण्यांनी द्यावयाचा होता. लाखो श्रोत्यांनी ती ऐकली. अर्थ मोजक्यांनाच कळला. १५ ऑगस्टच्या मध्यरात्री चितगाव, मोंगला, चांदपूर व नारायणगंज येथे स्फोट झाले. चितगावला 'अल अब्बास' व 'हुरमुझ' ही मालवाहू जहाजे बुडाली. रसद अडली की सैन्य अडते, हा या मोहिमेमागील साधा हिशेब होता.

डिसेंबरात सामंत स्वतः 'पनवेल' या लहान युद्धनौकेवरून, 'पद्मा' व 'पलाश' या तोफा बसविलेल्या बोटींसह, अपरिचित नदीमार्गाने मोंगला व खुलन्याकडे गेले. १० डिसेंबरला खुलन्याजवळ भारतीय हवाई दलाच्या विमानांनी ओळखण्यात चूक करून 'पद्मा' व 'पलाश' यांवरच हल्ला केला. दोन्ही बोटी गेल्या. 'पलाश'वरील रुहुल अमीन यांना वीरमरण आले. बांगलादेशाने त्यांना 'बीर श्रेष्ठ' हा सर्वोच्च सन्मान दिला. आपल्याच विमानांचा असा घाव बसल्यावर माघार घेतली असती तरी कोणी दोष दिला नसता. सामंतांनी पाण्यातील सैनिकांना वाचविले आणि चढाई चालू ठेवली. त्याबद्दल त्यांना महावीरचक्र मिळाले.

पदक जाहीर झाले, पण त्यामागील मोहीम कागदपत्रांत बंदच राहिली. पुढे कॅप्टन झालेल्या सामंतांना आपल्या कामगिरीविषयी दीर्घकाळ जाहीरपणे बोलता आले नाही. पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेले 'ऑपरेशन एक्स' हे पुस्तक २०१९ मध्ये, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.