कामगाराला देश असतो का?

दरवर्षी ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या माणिक चौकात शाळेची मुले जमतात. शिरीषकुमारच्या स्मारकाला हार घातला जातो, भाषणे होतात. १९४२ साली याच तारखेला तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. शिरीषकुमारला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्याच्या घरची भाषा गुजराती होती, आणि त्या दिवशीच्या मिरवणुकीतल्या घोषणाही गुजरातीत होत्या. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

शाळकरी वयात मीही त्या गर्दीत उभा राहिलो आहे. एका वर्षी शेजारी गावातले एक जुने लाल बावट्याचे कार्यकर्ते उभे होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मी पोरवयातल्या आगाऊपणाने विचारले, "दादा, तेव्हा तुमचे लोक कुठे होते हो?" दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अहिराणीत एवढेच म्हणाले, "तवय आमनं चुकनं, भाऊ."

काय चुकले, ते समजायला मला पुढची तीस वर्षे लागली. आज तेच आपल्यापुढे मांडतो आहे.

मूळ पेच जुना आहे. मार्क्स आणि एंगल्स यांच्या १८४८ च्या जाहीरनाम्यात कामगाराला देश नसतो असा आशय आहे. सगळे तेवढेच लक्षात ठेवतात. पण लगेच पुढे असेही आहे की कामगारवर्गाला आधी आपल्या राष्ट्रातला पुढारी वर्ग व्हावे लागेल, स्वतःच राष्ट्र व्हावे लागेल. या दोन वाक्यांमधल्या फटीत गेली पावणेदोनशे वर्षे जगभरचे कम्युनिस्ट अडकून पडले आहेत. कामगाराला वर्ग असतो हे खरे, पण त्याला गावही असते. भाषा असते, देव असतो, आईची आठवण असते. मत देताना तो एकटा वर्ग बरोबर घेऊन जात नाही. मग त्याच्या देशप्रेमाचे करायचे काय? ते खोटे म्हणून झटकायचे, की त्याला हाक मारून आपल्याकडे वळवायचे?

लेनिनने यावर एक तोड काढली. दाबणाऱ्या राष्ट्राचा राष्ट्रवाद वेगळा आणि दबलेल्या राष्ट्राचा वेगळा. दुसऱ्याला साथ द्यावी, पहिल्याला देऊ नये. ऐकायला सोपे वाटते, पण लोक सोपे नसतात. जर्मनीत १९२३ साली फ्रेंच फौजा रूर खोऱ्यात घुसल्या. तिथे फ्रेंचांनी श्लागेटर नावाच्या एका कडव्या राष्ट्रवादी तरुणाला गोळ्या घातल्या, तेव्हा कम्युनिस्ट नेता राडेक याने त्याच्या धैर्याचे जाहीर गुणगान केले. हेतू हा की त्याच्या मार्गाने जाणारे तरुण आपल्याकडे यावेत. १९३० साली जर्मन पक्षाने 'राष्ट्रीय आणि सामाजिक मुक्ती'चा कार्यक्रमच काढला. पण त्या बाजारात हिटलरचे दुकान आधीच मांडलेले होते आणि त्याचा माल अस्सल होता. फ्रान्समध्ये मात्र १९३६ साली कम्युनिस्टांनी लाल झेंड्याशेजारी तिरंगी झेंडा धरला, आणि तिथे लोकआघाडी निवडून आली. एकच औषध, पण दोन रोगी आणि दोन परिणाम.

आता आपल्याकडे येऊ.

१९४१ च्या जूनमध्ये हिटलरने रशियावर चाल केली. त्याच वर्षअखेर इथल्या कम्युनिस्ट पक्षाने आपली भूमिका फिरवली. साम्राज्यवाद्यांचे युद्ध आता 'लोकयुद्ध' झाले. १९४२ च्या जुलैत सरकारने पक्षावरची बंदी उठवली, आणि ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक आली तेव्हा पक्ष बाजूला उभा राहिला. जगाच्या हिशेबात त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. हिटलर जिंकला असता तर काय झाले असते, ते आज आपल्याला ठाऊक आहे. पण माणिक चौकात जगाचा हिशेब नव्हता, पाच पोरांची प्रेते होती. पक्षातल्याच काही मराठी तरुणांना ही भूमिका पचली नाही आणि ते बाहेर पडले. एस. के. लिमये, दत्ता देशमुख, यशवंत चव्हाण या मंडळींची ही परंपरा पुढे लाल निशाण पक्ष म्हणून ओळखली गेली. आमचे दादा त्यांच्याच मुशीतले.

त्याच सप्टेंबर १९४२ मध्ये पक्षाने आणखी एक ठराव केला. त्यामागचे डोके गंगाधर अधिकारी यांचे, म्हणजे आपल्या मराठी माणसाचेच. हिंदुस्थान हे एकजिनसी राष्ट्र नाही, सलग प्रदेश, भाषा आणि संस्कृती असलेली अनेक राष्ट्रके इथे नांदतात आणि प्रत्येकाला स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, असे तो ठराव सांगत होता. त्यातून पाकिस्तानच्या मागणीला आधार मिळाला आणि पक्षाच्या कपाळी कायमचा डाग लागला. मुसलमान म्हणून मला या ठरावाबद्दल नेहमी अवघड वाटत आले. मुसलमानांची कणव येऊन केलेला हा ठराव, पण माझ्यासारख्याच्या घराण्याला त्याने तापीकाठी कुठले राष्ट्रक दिले असते? आमचे मृतही इथल्याच मातीत आहेत.

तरी एक कबूल करायला हवे. त्या ठरावाच्या त्याच पेटीत दुसरे एक बी होते, ते म्हणजे भाषिक राष्ट्रकाचे. पाकिस्तानच्या बाजूने ते कडू निघाले. मराठीच्या बाजूने त्याला चौदा वर्षांनी भरघोस कणीस आले.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. स्थापनेच्या सभेचे अध्यक्ष केशवराव जेधे, समितीचे सरचिटणीस एस. एम. जोशी. समाजवादी, शेकाप, आंबेडकरांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, लाल निशाण आणि डांग्यांचा कम्युनिस्ट पक्ष एका मांडवाखाली आले. जनसंघसुद्धा होता! १९५७ साली समितीच्या लाटेत धुळ्यातून लोकसभेवर गेले ते जनसंघाचे उत्तमराव पाटील, आणि मुंबईतून प्रचंड मताधिक्याने गेले कॉम्रेड डांगे. म्हणजे आपल्या खानदेशात लाल बावटा आणि दीपक एकाच दिशेने वाऱ्यावर हलत होते.

१९४२ चा डाग घेऊन फिरणाऱ्या पक्षाने हे साधले कसे? गिरणीतला कामगार मराठी, मालक बहुतेक गुजराती आणि मारवाडी. 'मुंबई महाराष्ट्राची' म्हणताना वर्गाची आणि मातीची मागणी एकाच श्वासात निघत होती. वेगळी शिकवण लागत नव्हती. आणि ही मागणी लोकांपर्यंत नेणारे लाल बावटा कलापथक १९४४ पासून तयारच होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर असे तिघे त्यात होते. अण्णाभाऊंनी युद्धकाळात स्टालिनग्राडवर पोवाडा रचला होता. तो ऐकून कामगार टाळ्या वाजवायचा. पण 'माझी मैना गावावर राहिली' ऐकताना तोच कामगार रडायचा, कारण बायको कोकणात नाही तर घाटावर ठेवून तो खोलीत वीस जणांबरोबर झोपत होता. स्टालिनग्राड ते मैना, एवढ्या प्रवासात पक्षाने जे शिकले ते कुठल्या ठरावात सापडत नाही. मी कवी आहे, म्हणून कदाचित शाहिरांना जरा जास्तच श्रेय देत असेन.

माझे एक चाचा त्या काळात मुंबईत साचेखात्यात होते. मदनपुऱ्यात राहायचे. १९८२ च्या संपात गिरणी सुटली तेव्हा परत आले आणि इथे मिरचीच्या पथारीवर हिशेबनीस झाले. पथारीवर बायका मिरच्यांचे देठ खुडत असायच्या, सगळ्यांना ठसका लागलेला, आणि चाचा अमर शेखांच्या आवाजाच्या गोष्टी सांगायचे. "बेटा, माइक बंद पडला तरी मैदानाच्या शेवटच्या टोकाला ऐकू जायचे." अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब पटेल. मराठी राज्यासाठी गाणारा तो गळा मुसलमान होता, आणि लाखांच्या सभेत ते कुणाला खटकले नाही. चाचांच्या लेखी संयुक्त महाराष्ट्राचा अर्थ हाच होता. इथे मराठी होण्यासाठी बोली मराठी असली की पुरत होते, बाकीचे कुणी विचारत नव्हते. माझ्या हातात मराठी लेखणी आली त्याचे एक कारण मी त्या पथारीवर शोधतो.

पण साचेखात्यातली दुसरी गोष्टही चाचाच सांगत. तिथे एकेकाळी दलितांना प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि 'विटाळ' आडवा येई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. संपाची एकजूट फुटेल म्हणून तो मागे ढकलला गेला. बहुसंख्य कामगाराच्या भावनेला हात न लावता त्याला आपल्याकडे ठेवायचे, ही सवय तेव्हापासूनची.

संयुक्त महाराष्ट्रातही तेच झाले. मालकाला शिव्या देता देता 'मालक' शब्द कधी गळला आणि 'गुजराती' तेवढा उरला, कळलेही नाही. मुंबईत हे खपून गेले. नंदुरबारात कसे खपावे? इथे वाणीही गुजराती, गुजर पाटलाची बोलीही गुजरातीला लागून, आणि चौकात ज्याला हार घालतो तो पोरगाही घरी गुजरातीच बोलणारा. त्यात १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली तेव्हा पश्चिम खानदेशच्या नंदुरबार, नवापूर, तळोदे आणि अक्कलकुवा भागांतली गावेच गुजरातेत गेली. डांगही तिकडेच राहिला. रेषेच्या दोन्ही बाजूंना भिल्ल, मावची, कोकणा नात्यागोत्याने बांधलेले. त्यांची भाषा मराठीही नाही अन् गुजरातीही नाही. त्यांना कुणी विचारले असेल, असे मला वाटत नाही. अधिकारींच्या ठरावातले राष्ट्रकाचे माप सातपुड्यात आणले असते, तर पहिला हक्क कुणाचा निघाला असता?

राज्य मिळाले आणि समिती विस्कटली. १९६२ च्या चीन युद्धात डांगे देशाच्या बाजूने ठाम उभे राहिले, तर पक्षच १९६४ साली फुटला. १९ जून १९६६ रोजी शिवसेना निघाली. माणसे तीच होती, लालबाग-परळच्या चाळींतली. समितीच्या व्यासपीठावर डांग्यांच्या शेजारी बसणाऱ्या प्रबोधनकारांचेच चिरंजीव सेनेचे प्रमुख. मराठी कामगाराने आपण कोण आहोत हे लाल बावट्याखाली शिकले होते, आता आपला शत्रू कोण ते दुसरे कुणी सांगू लागले. मालकाच्या जागी दाक्षिणात्य कारकून आला. ५ जून १९७० रोजी कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि हरल्या. वामनराव महाडिक सेनेचे पहिले आमदार झाले. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही त्याच्या आदल्या वर्षी, १९६९ मध्ये, महिनाभराच्या आतबाहेर गेले होते. हे पाहायला ते उरले नाहीत.

काही अभ्यासक म्हणतात, कम्युनिस्टांनी मराठीपण सोडले म्हणून हरले. काही म्हणतात, धरले म्हणून. माझे मत विचाराल तर त्यांनी ते धरले होते, पण त्याच्या आत कोण येतो आणि कोण नाही, हे उघड बोलायचे टाळले. दार कुणी राखायचे हे ठरवले नाही, की जो येईल तो राखणदार होतो.

आमच्या जिल्ह्यात मात्र त्याच सुमारास दुसरे काही घडत होते. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ पासूनचा. शहादे तालुक्यात १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीजवळ धान्य मागायला आलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. पुढच्या जानेवारीत भूमुक्ती परिषद भरली, आणि त्यातून श्रमिक संघटना उभी राहिली. सर्वोदयातून आलेले अंबरसिंग सुरतवंती तिचे पुढारी होते. ते स्वतः भिल्ल होते, आणि १९७४ साली फार लवकर गेले. बरोबर 'मागोवा' गटाचे पुण्या-मुंबईचे शिकलेले तरुण होते. इथे शेतमालकही महाराष्ट्राचा आणि सालदारही महाराष्ट्राचा, त्यामुळे 'मराठी माणूस' म्हणून काही जमत नव्हते. संघटनेने भिल्लाच्या स्वाभिमानाला हात घातला आणि त्याच दमात मजुरी आणि गेलेली जमीन मागितली. बायकांनी तर दारूचे माठ फोडत गावोगाव फिरून घरातल्या पुरुषालाही सोडले नाही. म्हणजे आपल्याच माणसाला न दुखवण्याची ती गिरणीतली सवय इथे बायकांनी मोडली.

धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील १९७८ साली मार्क्सवादी पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. त्यांचे भांडण हेच होते की नुसता वर्ग धरला तर जात निसटते. मार्क्स, फुले आणि आंबेडकर एकत्र वाचायला हवेत, असे ते २०१४ साली जाईपर्यंत सांगत राहिले. त्यांचे लेखन अवघड आहे, आणि सभेला माणसे थोडी असत. पण साक्री-नवापूरच्या पाड्यांत वनजमिनीच्या मोर्चाला निघालेली बाई 'सत्यशोधक' हा शब्द सहज उच्चारते, तो असा डोंगरात पोचला.

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला लाल टोप्यांचा मोर्चा निघाला. हजारो आदिवासी शेतकरी २००६ च्या वनहक्क कायद्याचे कागद मागत चालत होते. दहावीच्या मुलांची परीक्षा होती म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीच चालून गेले. मुंबईच्या रस्त्यात लोकांनी त्यांना पाणी दिले, चपला दिल्या. टीव्हीवर ते पाहताना घरातल्या एका पोराने मला विचारले, "अब्बा, हे कुठले लोक?" मी म्हणालो, "आपल्याकडचे." त्याने पुन्हा विचारले, "आपल्याकडचे म्हणजे कुठले?"