समाधान गावचं घर

बोस्टनच्या नैर्ऋत्येला पंधरा-सोळा किलोमीटरवर डेडम नावाचं गाव आहे. 1636 मध्ये ते वसवायला निघालेल्या इंग्रजांनी त्याचं नाव 'कन्टेन्टमेंट' म्हणजे 'समाधान' असं ठरवलं होतं. वसाहतीच्या सरकारला ते रुचलं नाही. त्याऐवजी इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव या नव्या गावाला मिळालं. नाव गेलं, पण त्या पहिल्या पिढीतल्या एका माणसाचं घर अजून ईस्ट स्ट्रीटवर उभं आहे. फेअरबँक्स हाउस.

पहिल्या नजरेत घर देखणं वाटत नाही. मधोमध विटांचं जाडजूड धुराडं, मागे पार खाली उतरलेलं छप्पर, दोन्ही अंगांना पुढच्या पिढ्यांनी गरजेनुसार चिकटवलेल्या खोल्या. छपराची पाठ म्हाताऱ्या बैलासारखी मध्ये खचली आहे. आतला सांगाडा मात्र ओकचा, साल-कुसवाच्या सांध्यांचा. आपल्याकडचे जुने वाडे बांधणाऱ्या सुताराला तो सहज समजला असता. तुळयांच्या लाकडातली वलयं मोजून तज्ज्ञांनी सांगितलं, की ही झाडं 1637 ते 1641 या काळात तोडलेली आहेत. शिवाजीराजे तेव्हा लहानाचे मोठे होत होते. उत्तर अमेरिकेत लाकडी सांगाड्याचं याहून जुनं घर आज उभं नाही, असं मानलं जातं.

घर बांधून घेतलं जोनाथन फेअरबँक्सनं. मूळचा यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सकडचा. बायको ग्रेस आणि सहा मुलं घेऊन तो 1633 मध्ये बोस्टनला उतरला आणि तीनेक वर्षांनी डेडमला आला. गावाच्या करारनाम्यावर त्याची सही आहे, पण चर्चचा सभासद व्हायला त्यानं 1646 उजाडू दिलं. चारचौघांसमोर आपल्या श्रद्धेची ग्वाही द्यायची, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. धर्मासाठीच देश सोडलेल्या लोकांत राहून इतकी वर्षं असा आडमुठेपणा करणारा हा माणूस मला त्याच्या घराइतकाच आवडतो.

मुलगा जोनास बापावर गेला असावा. दोनशे पौंडांची मिळकत नसलेल्यानं मोठे, मिजासी बूट घालायचे नाहीत असा मॅसॅच्युसेट्सचा कायदा होता, आणि याच्यावर नेमका तसले बूट घातल्याचा खटला भरला गेला. हाच जोनास पुढे सरहद्दीवरच्या लँकेस्टरला जाऊन राहिला. तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी एकेक करून इंग्रजांच्या नावावर चढत होत्या. त्याचा स्फोट मेटाकॉम या मूळ रहिवाशांच्या सरदारानं इंग्रजांशी केलेल्या युद्धात झाला आणि फेब्रुवारी 1676 मधल्या हल्ल्यात जोनास आपल्या पोरासकट मारला गेला. 

डेडमचं घर थोरल्या जॉनकडे गेलं आणि त्याच्या वंशात राहिलं. आठ पिढ्या तिथं नांदल्या. सगळ्या सोज्वळच होत्या असं नाही. याच घरात वाढलेल्या जेसन फेअरबँक्सला एलिझाबेथ फेल्स या तरुणीच्या खुनासाठी 1801 मध्ये फाशी झाली. शेवटी राहणारी रेबेका, एकटी आणि पैशानं नडलेली. 1892 मध्ये घरावर वीज पडून तिचा कुत्रा मेला. पुढे घर परक्याच्या हाती गेलं. ते पाडलं जाणार अशी वेळ आली, तेव्हा बोस्टनच्या श्रीमंत मायलेकींनी ते विकत घेतलं. रेबेका मात्र तिथंच राहत होती. 1904 मध्ये तिनं घर सोडलं आणि ते फेअरबँक्स घराण्याच्या मंडळाकडे आलं. आज ते संग्रहालय आहे, आणि त्याच्या निमित्तानं देशभरचे वंशज इथं जमतात. आपल्याकडच्या कुलसंमेलनाला जाऊन आलेल्याला यात नवल वाटणार नाही. कुलवृत्तान्तही आहेच. लॉरेन्झो फेअरबँक्सनं 1897 मध्ये छापलेला तो ग्रंथ चांगलाच जाडजूड आहे.

त्यातल्या शाखांमध्ये व्हरमाँटचा थॅडियस फेअरबँक्स भेटतो. तागाच्या भरल्या गाड्या साखळ्यांनी उचलून तोलायचा खटाटोप त्याला बघवेना. मग 1830 च्या सुमारास त्यानं जमिनीलगतच्या फळीचा काटा बनवला. साखर कारखान्याच्या दारात उसाची गाडी ज्या काट्यावर चढते, त्याचा हा आजा. दुसऱ्या शाखेतला चार्ल्स फेअरबँक्स 1905 ते 1909 अमेरिकेचा उपाध्यक्ष होता. अलास्कातलं फेअरबँक्स शहर त्याच्याच नावाचं. मूकपटांचा नायक डग्लस फेअरबँक्स मात्र या वंशाचा नाही. त्याचा बाप उलमन. फेअरबँक्स हे त्याच्या आईच्या पहिल्या नवऱ्याचं आडनाव, ते याला लागलं आणि जगभर गाजलं.

नगरकरांच्या कानाला हे आडनाव परकं नसेल. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युअल फेअरबँक होते. जन्म 1822 चा, कनेटिकटमधला. शेवटचा 'स' गळालेला, पण त्याचं विशेष नाही. जोनाथनच्या काळच्या कागदांतही हे आडनाव ज्याला जसं सुचलं तसं लिहिलेलं सापडतं. मिशनच्या कामातून वेळ काढून फेअरबँकसाहेब गोगलगाईंचे शंख आणि पक्षी गोळा करत. मराठी मुलखातल्या पक्ष्यांची त्यांनी यादी केली. दक्षिणेतल्या पलनीच्या डोंगरात त्यांना मिळालेल्या एका पक्ष्याला ब्लॅनफर्ड या निसर्गशास्त्रज्ञानं 1869 मध्ये त्यांचं नाव दिलं. पुस्तकात तो आजही 'फेअरबँकी' आहे. राखी छातीचा, पांढऱ्या भुवईचा, कोडाईकनालच्या झुडपांत सकाळी कलकलाट करणारा.